डॉ. रॉबर्ट जेम्स ग्रेव्हज – अल्प चरित्र

थोर पुरुषांचीं चरित्रें म्हणून जीं आपण वाचतों, तीं बहुधा राजांचीं, सेनापतींचीं, नाहीं तर साधुसंतांचीं असतात. रोग्याच्या खाटेपाशीं उभे राहून ज्यानें नीट पाहिलें व जें पाहिलें तें नीट लिहून ठेविलें, आणि एवढ्यावरच ज्याचें नांव जगांत राहिलें, अशा एका वैद्याचें चरित्र यंदाच्या अंकांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तें लिहावें असें आम्हांस कां वाटलें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण त्यांत आमच्या एका चुकीची कबुली आहे.

कांहीं वर्षांमागें आमच्या वर्गांत, आम्ही राहतों त्याच विचुंबे गांवची, एक मुलगी होती. पहिल्या सहामाहींत तिचें अक्षर वळणदार व स्वच्छ होतें. दुसऱ्या सहामाहींत तें वेडेंवांकडें होऊं लागलें. बाकावर तिचें चित्त ठरेना, हातपाय स्वस्थ राहीनात, आणि एखादा शब्द बोललें कीं तिच्या डोळ्यांत पाणी येई. सर्वांत आम्हांस खटकली ती तिची नजर. कांहीं विचारलें असतां ती डोळे वटारून आमच्याकडे पाहते, असें आम्हांस वाटे. हा उर्मटपणा समजून आम्हीं तिला भर वर्गांत उभें केलें, व तिच्या प्रगतिपुस्तकावर तसा शेराहि लिहिला. शेरा वाचून तिची आई शाळेंत आली. तिनें भांडण केलें नाहीं. इतकेंच सांगितलें, कीं पोर दुप्पट जेवते तरी अन्न अंगीं लागत नाहीं, आणि रात्रीं झोंपली म्हणजे तिच्या पापण्या पुऱ्या मिटत नाहींत. पुढें चष्मा लागला असेल म्हणून तिला पनवेलच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्यांत आलें. त्यांनीं डोळे पाहिले. मग मनगट धरून नाडी मोजली. मग पाण्याचा पेला हातीं देऊन एक घोट गिळावयास सांगितलें आणि ती गिळत असतां तिच्या गळ्याकडे निरखून पाहिलें. चष्मा त्यांनीं दिलाच नाहीं. रक्त तपासण्यास मात्र पाठविलें. मुलगी उर्मट नव्हती, आजारी होती. त्या आजाराला ग्रेव्हजचा रोग म्हणतात, हें आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें. आणि हे ग्रेव्हज कोण, याचा शोध घेऊं लागलों.

रॉबर्ट जेम्स ग्रेव्हज यांचा जन्म इ. स. १७९६ मध्यें आयर्लंड देशाची राजधानी डब्लिन येथें झाला. त्यांचे वडील रिचर्ड ग्रेव्हज हे धर्मोपदेशक असून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत ईश्वरज्ञानशास्त्राचे प्राध्यापक होते. घरांत विद्येचें वातावरण होतें व मुलगाहि बुद्धिमान होता. त्याच कॉलेजांतून इ. स. १८१८ मध्यें वैद्यकाची पदवी घेऊन तरुण रॉबर्ट पुढील शिक्षणासाठीं परदेशीं निघाला. लंडन, बर्लिन, गटिंगेन, व्हिएन्ना, कोपनहेगन, एडिंबरो अशा नामांकित विद्यापीठांतून व रुग्णालयांतून तो सुमारें तीन वर्षें फिरला. नुसतें पदवीचें भेंडोळें घेऊन त्याला दवाखाना थाटावयाचा नव्हता. ठिकठिकाणचे वैद्य रोग्याला कसें तपासतात व शिष्यांना कसें शिकवितात, हें त्याला पाहावयाचें होतें.

या प्रवासांतील कांहीं गोष्टी मोठ्या मनोरंजक आहेत. ग्रेव्हज यांना परभाषा फार लवकर येत. ऑस्ट्रियांत ते पायीं फिरत असतां त्यांच्यापाशीं परवानापत्र नव्हतें, आणि जर्मन भाषा तर ते इतकी अस्खलित बोलत कीं हा आयर्लंडचा मनुष्य आहे हें तेथील अधिकाऱ्यांना खरेंच वाटेना. जर्मन हेर समजून त्यांनीं त्यांना दहा दिवस बंदींत ठेविलें. आल्प्स पर्वतांत त्यांना एक चित्रकार भेटला. दोघे बरोबर हिंडत, एकाच दृश्यासमोर बसून चित्रें काढीत. पण कित्येक दिवसपर्यंत एकानें दुसऱ्याचें नांव विचारलें नाहीं, असें सांगतात. तो सोबती म्हणजे इंग्लंडचा सुप्रसिद्ध चित्रकार टर्नर होय. त्याच्या शेजारीं बसून मेघांच्या व प्रकाशाच्या छटा पाहतांना, बारकाईनें पाहणें म्हणजे काय याचा धडा या तरुण वैद्याला मिळाला असेल, असें आम्हांस वाटतें.

दुसरा प्रसंग जिवावरचा आहे. जिनोआहून सिसिलीकडे एका जुनाट जहाजांतून ते जात असतां वादळ झालें. जहाजांत पाणी शिरलें, पाणी उपसण्याचे पंप बंद पडले, आणि धीर सुटलेले खलाशी एकुलती एक लहान होडी घेऊन, उतारूंना तसेंच टाकून, निघून जाण्याच्या बेतांत आले. ग्रेव्हज आजारी होऊन खालीं पडले होते. ते तसेच उठले, कुऱ्हाड घेऊन त्यांनीं त्या होडीलाच भोंक पाडलें, आणि आतां तरायचें तर सर्वांनीं बरोबरच तरायचें, हें सर्वांच्या ध्यानांत आणून दिलें. मग स्वतःच्या पायांतल्या जोड्यांचें कातडें कापून त्यांनीं पंपाच्या झडपा दुरुस्त केल्या. खलाशी निमूटपणें कामाला लागले व जहाज वांचलें. दुसऱ्याला टाकून पळावयाचें नाहीं हा जो बाणा त्या दिवशीं समुद्रावर दिसला, तोच पुढें तापाच्या सांथींत रुग्णालयांतहि दिसून आला.

इ. स. १८२१ मध्यें ग्रेव्हज डब्लिनला परतले व तेथील मीथ रुग्णालयांत वैद्य म्हणून रुजू झाले. तेथील शिक्षणाची रीत त्यांना मुळींच पसंत पडली नाहीं. त्या काळीं मोठे डॉक्टर पुढें चालत, विद्यार्थ्यांचा घोळका मागून धांवत असे. डॉक्टर रोग्यापाशीं क्षणभर थांबत, कांहीं पुटपुटत, आणि पुढच्या खाटेकडे वळत. पुष्कळ विद्यार्थ्यांना रोगी धड दिसतहि नसे. आणि असा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला म्हणजे त्याच्या हातून घडणाऱ्या चुकांचें प्रायश्चित्त बिचाऱ्या रोग्यांना भोगावें लागे. ग्रेव्हज यांनीं जर्मनींत पाहिलेली पद्धति आपल्या रुग्णालयांत सुरू केली. प्रत्येक प्रगत विद्यार्थ्याच्या स्वाधीन कांहीं रोगी करावयाचे. त्यानें रोग्याची सारी हकीगत विचारावी, त्याला तपासावें, रोगाचें निदान आपल्या बुद्धीनें करावें, आणि तें गुरूसमोर मांडावें. गुरूनें तें खोडून काढावें किंवा उचलून धरावें. पण विद्यार्थ्याच्या ऐवजीं स्वतः विचार करूं नये. रोग्यासमोर लॅटिन भाषेंत बोलण्याची चाल टाकून ते शिष्यांशीं सरळ इंग्रजींत बोलत. नाडी घड्याळ लावून मोजण्याचा परिपाठहि त्यांनीं रुजविला. अंदाजानें नाडी जलद आहे म्हणणें निराळें, आणि मिनिटास एकशेंवीस ठोके पडतात म्हणून लिहून ठेवणें निराळें.

हीच दिशा पुढें आपल्याकडेहि दिसते. ग्रेव्हज हयात असतांनाच, इ. स. १८४५ मध्यें, मुंबईंत ग्रांट मेडिकल कॉलेज सुरू झालें. त्याचे पहिले प्रिन्सिपॉल डॉ. चार्ल्स मोरहेड यांनींहि जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांत प्रत्यक्ष रोग्यापाशीं शिक्षण देण्यावर भर दिला. इ. स. १८५१ मध्यें त्या कॉलेजांतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते.

ग्रेव्हज यांची दुसरी मोठी कामगिरी म्हणजे तापकऱ्याला अन्न देणें. त्या काळीं टायफससारख्या तापांत रोग्याचें रक्त काढावयाचें आणि त्याला उपाशी ठेवावयाचें, असा सर्वमान्य उपचार असे. आयर्लंडांत दारिद्र्य फार, सांथी वारंवार. आधींच अर्धपोटीं असलेले रोगी या उपचारानें आणखी खंगत. ग्रेव्हज यांनीं त्यांना पथ्याचें पण पुरेसें अन्न देण्यास आरंभ केला. एकदां रुग्णालयांतून फिरतांना तापांतून उठलेला एक धष्टपुष्ट रोगी पाहून ते सोबत्यांना म्हणाले, कीं माझ्या थडग्यावर दुसरें कांहीं न लिहितां, यानें तापकऱ्यांना खाऊं घातलें, एवढें लिहिलें तरी पुरे. बोलणें विनोदाचें, पण त्यामागें दया होती.

आतां ज्या निरीक्षणामुळें त्यांचें नांव घरोघर पोंचलें, त्याकडे वळूं. इ. स. १८३५ मध्यें विद्यार्थ्यांपुढें दिलेलें त्यांचें एक व्याख्यान लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं सांगितलें, कीं आपण तीन स्त्रिया अशा पाहिल्या, कीं ज्यांना छातींत अतिशय धडधड होत असे आणि त्याबरोबरच गळ्यापुढील थायरॉइड नांवाची ग्रंथि सुजली होती. धडधड वाढली कीं गांठ वाढे, ती कमी झाली कीं गांठहि ओसरे. गळ्याला गांठ असलेले लोक अनेकांनीं पाहिले होते. धडधडीच्या तक्रारी तर रोजच्याच. पण या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध असावा, हें त्यांच्या लक्षांत आलें.

त्याच व्याख्यानांत वीस वर्षांच्या एका तरुणीची हकीगत आहे. तिची प्रकृति आधीं उत्तम होती. मग तिला कांहीं त्रास होऊं लागला, व तो भावनेच्या भरांत येणारा वाताचा झटका आहे असें ठरविण्यांत आलें. स्त्रियांच्या दुखण्याला असें नांव देऊन मोकळें होण्याची त्या काळीं रीतच होती. आज ती सर्वस्वीं गेली आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. तीन महिन्यांनीं दिसून आलें, कीं तिची नाडी विनाकारण जलद चालते, मिनिटास एकशेंवीसच्या खालीं कधींच येत नाहीं. ती फिकट व कृश होत गेली. वर्षभरानें तिच्या डोळ्यांना चमत्कारिक रूप आलें. बुबुळांसकट डोळे मोठे झाल्यासारखे दिसूं लागले. झोंपेंत पापण्या मिटेनात. आणि डोळे उघडे असतां काळ्या भागाच्या भोंवतीं सर्व बाजूंनीं पांढरा भाग दिसूं लागला. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं गळ्यापुढें घोड्याच्या नालाच्या आकाराची गांठ उठली. वाचकहो, हें वर्णन वाचतांना आमची मान खालीं गेली. त्या मुलीच्या आईनें आम्हांला जें सांगितलें होतें, तेंच पावणेदोनशें वर्षांपूर्वींच्या या कागदावर लिहिलेलें होतें.

या रोगाचें मूळ ग्रेव्हज यांना कळलें होतें काय? नाहीं. हृदयाचा क्षोभ व मज्जातंतूंचा विकार यांशीं त्यांनीं त्याचा संबंध लावून पाहिला. त्यांच्या आधीं इंग्लंडांत बाथ येथील डॉ. पॅरी यांनीं अशीच एक रोगी स्त्री इ. स. १७८६ मध्यें पाहिली होती. पण तें वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १८२५ मध्यें छापलें गेलें. जर्मनींत मर्सेबुर्ग येथील डॉ. बाझेडो यांनीं इ. स. १८४० मध्यें डोळे, गळा व हृदय या तिन्ही लक्षणांची सांगड घालून दाखविली, म्हणून युरोपांत कित्येक ठिकाणीं हा बाझेडोचा रोग म्हणून ओळखला जातो. पॅरिसचे थोर वैद्य ट्रूसो यांना ग्रेव्हज यांच्या व्याख्यानांविषयीं अत्यंत आदर होता. त्यांनीं या रोगास ग्रेव्हज यांचें नांव दिलें आणि इंग्रजी जाणणाऱ्या जगांत तेंच रूढ झालें.

ग्रेव्हज यांचें पुढील आयुष्य मानाचें झालें. त्यांच्या वैद्यकीय व्याख्यानांचा ग्रंथ इ. स. १८४३ मध्यें निघाला व त्याचें फ्रेंच भाषांतरहि झालें. आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे ते अध्यक्ष झाले, आणि इ. स. १८४९ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. संसारांत मात्र त्यांना दुःख फार सोसावें लागलें. त्यांच्या पहिल्या दोन पत्नी ऐन तारुण्यांतच निवर्तल्या. विल्यम स्टोक्स हे त्यांचे शिष्य, पुढें सहकारी व अखेरपर्यंतचे मित्र. गुरूच्या पश्चात् त्यांचें चरित्र स्टोक्स यांनींच लिहिलें. इ. स. १८५३ च्या मार्च महिन्यांत, असाध्य आजारानें ग्रेव्हज यांचें देहावसान झालें. त्यांचा पुतळा डब्लिनच्या त्या कॉलेजांत उभा आहे.

त्यांनीं नोंदलेल्या कोड्याचा उलगडा होण्यास पुढें शंभर वर्षें लागलीं. शरीरांतील कांहीं ग्रंथि आपला रस थेट रक्तांत सोडतात व त्या रसावर देहाचे व्यापार चालतात, हें हळूहळू कळत गेलें. अशा रसाला हॉर्मोन हें नांव इ. स. १९०५ मध्यें मिळालें, त्यालाच आपण संप्रेरक म्हणतों. थायरॉइडचा रस म्हणजे जणूं चुलींतला जाळ. तो अति झाला तर हृदय धांवूं लागतें, खाल्लेलें अन्न जळून जातें, हात कांपतात, घाम सुटतो, मन चिडचिडें होतें. इ. स. १९५६ मध्यें न्यूझीलंडमधील अ‍ॅडम्स व पर्व्हेस या संशोधकांना अशा रोग्यांच्या रक्तांत ग्रंथीला सतत डिवचणारें एक द्रव्य आढळलें. पुढें कळलें, कीं रोगजंतूंशीं झुंजण्यासाठीं शरीर जीं प्रतिद्रव्यें बनवितें, तशींच हीं असून तीं चुकून आपल्याच ग्रंथीवर उलटलेलीं असतात. तोच उलटलेला क्षोभ डोळ्यांच्या मागील चरबी व स्नायूंनाहि सुजवितो. डोळ्याची खांचण हाडाची. सुजेला मागें जागा नाहीं, म्हणून डोळाच पुढें ढकलला जातो. शिवाय वरची पापणी आंखडून वर ओढली जाते, आणि मनुष्य सौम्यपणें पाहत असला तरी वटारून पाहतो असें दिसतें.

पालकांनीं ध्यानांत ठेवावें असें आणखी एक आहे. हा रोग नेहमींच पुस्तकांतल्या वर्णनाप्रमाणें येत नाहीं. कधीं डोळे आधीं बिघडतात आणि रक्तांतील संप्रेरकाचें प्रमाण त्या वेळीं अगदीं बरोबर असतें; ग्रंथीचा बिघाड महिन्यांनीं दिसून येतो. कधीं एकच डोळा पुढें येतो, आणि मागें गांठ तर नाहीं ना अशी शंका घ्यावी लागते. कधीं एकाचे दोन दिसतात. वृद्धांत डोळे व गळा ठीक दिसतात. माणूस नुसता थकतो, वाळतो, त्याची नाडी अनियमित होते, आणि वयाचें दुखणें म्हणून घरचे लोक गप्प बसतात. लहान मुलांत तर पहिली खूण पुष्कळदां शाळेंतच दिसते : चित्त लागत नाहीं, अक्षर बिघडतें, गुण घसरतात, मूल क्षणांत रडतें. असा रोग ओळखणारा वैद्य डोळ्यांचा असो वा पोटाचा, त्याला आपल्या विषयाची वेस ओलांडून सबंध माणूस पाहावा लागतो.

आज या रोगावर औषधें आहेत, किरणोत्सर्गी आयोडीनचा उपाय आहे, शस्त्रक्रियाहि आहे. तंबाखूच्या धुरानें डोळ्यांचा विकार वाढतो, हें सिद्ध झालेलें आहे. रंग फिके दिसूं लागले किंवा दृष्टि मंदावली तर डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब पडत असण्याचा संभव असतो. अशा वेळीं एक दिवसहि न दवडतां डॉक्टर गांठावा.

आमच्या त्या विद्यार्थिनीला दीर्घकाळ औषध घ्यावें लागलें. हळूहळू नाडी उतरली, अंगीं मांस आलें, पापण्या मिटूं लागल्या, आणि अक्षर पुन्हां पूर्वीच्या वळणावर आलें. आम्हीं तिच्या आईसमोर तिची क्षमा मागितली. प्रगतिपुस्तकावरचा शेरा शाईचा असल्यामुळें पुसतां आला नाहीं. त्याच्याखालीं, तो आमच्या अज्ञानामुळें लिहिला गेला, असें लिहून आम्हीं सही केली.

विद्यार्थिमित्रहो, ग्रेव्हज यांना रोगाचें कारण सांपडलें नाहीं, तरी त्यांचें नांव राहिलें; कारण जें डोळ्यांना दिसलें तें त्यांनीं आपल्या समजुतीच्या आड येऊं दिलें नाहीं. तुमच्यांतील कोणी पुढें वैद्य होतील, कोणी शिक्षक, कोणी आईबाप. समोरचा मनुष्य कसा आहे हें ठरविण्यापूर्वीं त्याला काय होत आहे हें विचारावें, एवढा धडा या चरित्रांतून आपण सर्वांनीं घेतला, तर आमची ती चूक अगदींच वायां गेली नाहीं असें आम्ही समजूं.